गोळा वर का येईना?

गोळा खाली गेला तेव्हा अगदी शहाण्यासारखा गेला. वर मात्र येईना.

साल २०५८. उंबरदरीच्या तलावात त्या दिवशी काचेच्या पाणगोळ्याचं उद्घाटन होतं. गोळ्यात बसायचं, पोलादी दोरावरून साठ मीटर खाली तळाशी जायचं, मासे बघायचे आणि वर यायचं. पहिल्या फेरीत तिघं होते: उद्घाटनाला आलेले नामदार, त्यांचा फोटोग्राफर आणि गोळा चालवणारी चैत्रालीची आई. तिघांना तासभर पुरेल एवढीच हवा आत होती. त्यातली चाळीस मिनिटं मासे बघण्यात गेली होती.

काठावरच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर बापूकाका संगणकाच्या पडद्यावरचं ‘वर-ये’ नावाचं चित्र दाबत होते. दाबलं की बाण क्षणभर गरगरायचा आणि मग गप्प. चूक नाही, बरोबर नाही, काहीच नाही. त्यांनी सतरा वेळा दाबलं. मग संगणक बंद करून चालू केला आणि अठराव्यांदा दाबलं, जरा प्रेमानं.

“काका, हातानं दोर गुंडाळायला एक दांडा असतो ना?” बारा वर्षांच्या चैत्रालीनं विचारलं.

“असतो की. गंजलेला दिसत होता, म्हणून उद्घाटनासाठी रंगवायला पाठवलाय.”

“कुठं?”

“तालुक्याला,” बापूकाका म्हणाले, आणि घाम पुसू लागले. पाणबुडे बोलावले होते, पण त्यांना यायला दीड तास लागणार होता.

फोनवर आईचा आवाज आला. “सतरा मिनिटं राहिलीत. मी कमीच बोलते. साहेबांचं भाषण सुरू आहे, ते काही थांबत नाहीत.” मागून ऐकू येत होतं, “...आणि म्हणूनच, बंधुभगिनींनो, या तळाला आपण वरच्या पातळीवर नेणार आहोत...”

बोललं की श्वास जास्त लागतो. म्हणजे प्रत्येक वाक्याबरोबर आईची हवा कमी होत होती.

“चैत्रू, बस त्या खुर्चीत,” आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे तिचे आजोबा, आईचे वडील. आयुष्यभर त्यांनी संगणकाचं संशोधन केलं होतं. पण मघाशी बुडबुडे बघायला कठड्यावरून वाकले आणि त्यांचा चष्मा पाण्यात पडला. आता तो तळाशी, त्यांच्या लेकीच्याच आसपास कुठंतरी पडला होता. “मला अक्षर दिसत नाही. तू डोळे, मी डोकं.”

“आणि मी?” बापूकाकांनी विचारलं.

“तुम्ही ते चित्र दाबणं थांबवा.”

चैत्राली बसली.

“हा संगणक लिनक्सवर चालतो,” आप्पा म्हणाले. लिनक्स (संगणकाचा सगळा कारभार बघणारी यंत्रणा) तिनं शाळेत वापरली होती. “ते चित्र म्हणजे नुसती दारावरची बेल. घरात काय बिघडलंय ते बेल सांगत नाही. टर्मिनल उघड. तिथं प्रोग्रॅम तोंड उघडतो.”

टर्मिनल (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) उघडलं.

“आधी ‘वर-ये’च्या फाइलला परवानगी आहे का बघ. वाचायची, लिहायची आणि चालवायची, अशा तीन असतात. चालवायची नसेल तर फाइल जागची हलत नाही.”

तिनं यादी मागवली. “आहे, आप्पा.”

“छान. एक शंका गेली. आता इथूनच नाव टाइप करून चालव.”

तिनं चालवला, आणि पडदा तक्रारींनी भरून गेला. हे सापडलं नाही, ते समजलं नाही, ही ओळ चुकली, ती ओळ चुकली.

“पंचवीस बिघाड,” बापूकाका खुर्चीचा आधार शोधत म्हणाले. “गेलं सगळं.”

“काही गेलेलं नाही. चैत्रू, शेवटची तक्रार वाचू नकोस, सगळ्यात वरची वाच. पहिली तक्रार खरी असते, बाकीची तिची पिलावळ.”

चैत्राली वर गेली. “‘ओळ एक. ॥ : असा हुकूम सापडला नाही.’”

“दोन दंड? प्रोग्रॅममध्ये?” आप्पा गोंधळले. “फाइल उघड.”

फाइल उघडली. पहिल्या ओळीत लिहिलं होतं:

॥ श्री ॥

आणि त्याच्या खाली, दुसऱ्या ओळीत, #! अशी खूण आणि पुढे पायथनचा (प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलाय तिचा) पत्ता.

दोघांनी बापूकाकांकडे पाहिलं.

“असे काय बघता?” बापूकाका म्हणाले. “सकाळी पूजा झाली, मग लिहिलं. वही असो, पत्रिका असो, किराण्याची यादी असो, श्री लिहिल्याशिवाय आपण सुरुवात करतो का?”

“मग ‘खाली-जा’ कसा चालला? त्यावर नाही लिहिलंत?” आप्पांनी विचारलं.

“खाली जायला कशाला श्री? वर येणं महत्त्वाचं.”

“तेरा मिनिटं,” फोनवर आई म्हणाली.

आप्पा भराभर बोलू लागले. “चैत्रू, ऐक. एखादी फाइल चालव म्हटलं की कर्नल आधी तिची सुरुवात बघतो.”

“सैन्यातले?” बापूकाकांनी विचारलं.

“नाही हो. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळ्या प्रोग्रॅमना कामाला लावणारा मुकादम. तो फाइलची अगदी पहिली दोन चिन्हं बघतो. तिथं #! दिसलं की त्याला कळतं, पुढे दुभाष्याचं नाव आहे. दुभाष्या म्हणजे फाइलची भाषा मशिनला समजावणारा. आपला दुभाष्या पायथन. पण ही खूण फाइलच्या अगदी सुरुवातीलाच लागते. दुसऱ्या ओळीत असली तर कर्नलला ती दिसतच नाही.”

“म्हणजे पाकिटावरच्या पत्त्यावर काकांनी गणपतीचं स्टिकर चिकटवलं,” चैत्राली म्हणाली. “पोस्टमनला कळेना कुठं जायचं, म्हणून टर्मिनलनं पत्र स्वतःच वाचायला घेतलं, आणि ते त्याच्या भाषेतलं नव्हतंच.”

“बरोबर. पूस ती ओळ.”

बापूकाकांनी कीबोर्डवर हात ठेवला. “श्री पुसायचं? आज? तुझी आई खाली असताना?”

“बापूराव, हात काढा,” आप्पा म्हणाले.

“पुसत नाही, काका,” चैत्राली म्हणाली. “खाली घेते. ओळीच्या सुरुवातीला नुसतं # टाकलं की पायथन ती ओळ सोडून देतो. ती फक्त माणसांसाठी असते.”

“देव दुसऱ्या ओळीत?”

“आत्ता मशीन त्याला हुकूम समजून सापडत नाही म्हणतंय. मग मान ठेवून बाजूनं जाईल.”

बापूकाकांनी हात काढला. तिनं श्री खाली घेतलं, पुढे # लावलं. पण फाइल सेव्ह होईना. संगणक सगळ्यांच्या सामाईक खात्यात सुरू होता, आणि लिहायची परवानगी एकट्या बापूकाकांच्या खात्यालाच होती.

“पासवर्ड?”

“कानात सांगतो.”

“काका, नऊ मिनिटं राहिलीत.”

“लाडूनको,” बापूकाका पुटपुटले. “डॉक्टर रोज सांगतात, म्हणून लक्षात राहतं.”

फाइल सेव्ह झाली. तिनं पुन्हा चालवली. या वेळी एकही तक्रार आली नाही. बाहेर मोटर घुमली आणि दोर ताठ झाला.

“वर यायला सहा मिनिटं लागतात,” आप्पा म्हणाले. “तिच्याकडे आठ आहेत.”

भाषण फोनवर अजून ऐकू येत होतं, पण शब्द दूर दूर पडू लागले होते. “...विकास... म्हणजे...” आणि मग बंद. इतका वेळ ते थांबावं म्हणून चैत्राली तळमळत होती. आता ते थांबलं, तर तिला ती शांतता सहन होईना.

“आई?”

नुसता खरखराट.

“आई, बोल ना.”

“हवा वाचवतेय, बाळा,” आईचा आवाज आला, अगदी बारीक. “साहेबांना धाप लागलीय. पाणी हिरवं दिसायला लागलंय.”

म्हणजे उजेड जवळ आला होता. चैत्राली दारापर्यंत धावली, पुन्हा पडद्याकडे आली, पुन्हा दाराकडे गेली. शेवटी पाणी फुगलं आणि गोळा वर आला. बापूकाकांनी झाकण उघडलं. आधी फोटोग्राफर बाहेर पडला, मग नामदार चौघांच्या आधारानं, एक शब्दही न बोलता. सगळ्यांत शेवटी आई. तिनं काठावर बसून मोठा श्वास घेतला, आणखी एक घेतला, आणि मग चैत्रालीला जवळ ओढलं.

“काय झालं होतं?”

चैत्रालीनं सांगितलं. आई हसत नव्हती. ती दोराकडे बघत होती. “उद्या शाळेची तीस मुलं यायची आहेत.”

“आज अजून दोनदा बघू,” चैत्राली म्हणाली. “रिकामा गोळा खाली सोडायचा आणि वर आणायचा. प्रोग्रॅममध्ये एक अक्षर जरी बदललं तरी आधी रिकामाच.”

आप्पांनी मान डोलावली आणि परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, “आणि समुद्रात सोडायचा झाला तर?”

“दोर लांब लागेल,” ती म्हणाली. “बाकी पद्धत हीच.”

बापूकाका खुर्चीवरून उठले आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. आईनं ओले बूट काढले, पुन्हा घातले, आणि म्हणाली, “उद्या खाली मी जाईन. वर तू बस.”