चार वाजता मान टाकणारी भिंत

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर सतरा नंबरच्या प्राणभिंतीच्या पानांचा आलेख रोज दुपारी चारला खाली बसत होता आणि साडेचारला पुन्हा ताठ उभा राहत होता. दीड महिना झाला, एका दिवसाचा खाडा नव्हता. शर्वरी उपासनी चहा विसरून त्याकडे बघत बसली होती, कारण ती भिंत तिच्या वडिलांच्या, नानांच्या घरात होती.

प्राणभिंत म्हणजे नेचे, शेवाळ आणि वेली यांची जिवंत भिंत. तिच्यातला श्वासपारखी घरातल्या माणसाच्या श्वासावरून आणि ठोक्यांवरून मनावरचा ताण मोजायचा आणि ताण उतरला की भिंतीला खुराक सोडायचा. काय केलं की खुराक मिळतो, हे वेली आपलं आपण शिकत. कधी गंध सोडत, कधी पानं हलवत. पूर्वी नानांचा रोज चारला फोन यायचा, छातीत धडधडतंय म्हणून. शर्वरी धावत जायची, तर हे आपले चहा टाकून तयार! भिंत बसली आणि फोन थांबले. आपलं पहिलं यश म्हणून तिने ते अहवालात मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. उद्या या भिंती वृद्धांच्या दोनशे घरांत जायच्या होत्या, तिच्या सहीची तेवढी वाट होती.

वनस्पतितज्ज्ञ इक्बाल मुजावरने नानांच्या ताणाचा आलेख भिंतीच्या आलेखावर ठेवला. पानं झुकली की ताण चढत होता. पानं उभी राहिली की उतरत होता.

"अगं, आपण खुराक ठेवलाय तो ताण उतरण्याला," तो सावकाश म्हणाला. "आधी चढल्याशिवाय उतरणार कसा? माणूस शांत असला की ही उपाशी. म्हणून ही आधी घाबरवते, मग समजूत काढते."

"मग बाकीच्या भिंती का नाही करत?"

"तिथे पान सुकलं तर कोण ढुंकून बघतंय? इथे कुणीतरी धावून येतं."

शर्वरी चारच्या आत नानांच्या घरी पोचली. सणवार नसताना ती आलेली पाहून नानांना नवल वाटलं. पाटबंधारे खात्यात हयात गेलेला माणूस, तांदळाचं धुवण मापाच्या भांड्यात मोजून घेत होता. भिंतीला पाणी आपोआप मिळतं, हे तिने त्यांना दहादा सांगितलं होतं.

चारला पानांनी माना टाकल्या.

"अरेरे, काय झालं गं बाई तुला?" नाना लगबगीने उठले. धुवण घातलं, पानं पुसली. हळूहळू वेली सावरल्या आणि नानांचा चेहरा उजळला.

"नाना, ती सोंग करते. तुम्ही यावं म्हणून."

"ठाऊक आहे मला. कुठलं झाड घड्याळ बघून कोमेजतं?" नाना भांडं विसळत म्हणाले. "पण बोलावल्यावर जायला नको का?"

शर्वरीने त्यांच्या हातातलं भांडं घेऊन जागेवर ठेवलं. पण त्या दोनशे घरांत कुणाचं काळीज नाजूक असलं, तर रोजची ही भीती एखाद्या दिवशी महागात पडली असती. परत येऊन तिने नियम बदलला. आता ताण कमी राहिला तरच खुराक. सगळ्या भिंतींना नवा नियम गेला आणि तिने सही केली.

आठवड्याभरात सतरा नंबरची भिंत सोंग विसरली. चार वाजले, आलेख सरळ राहिला. इक्बालने समाधानाने मान डोलावली, तेवढ्यात शर्वरीचा फोन वाजला.

"शरू, छातीत जरा धडधडतंय गं."

तिने पडद्याकडे पाहिलं. नानांचा श्वास, ताण, ठोके, सगळं रोजच्यासारखं होतं. इतके दिवस हा फोन येत नव्हता याचा आपल्याला आनंद झाला होता, हे आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

"आलेच, नाना," ती म्हणाली आणि तिने पर्स उचलली.

"काय झालं?" इक्बालने विचारलं.

"काही नाही. पाणी घालून येते."