मनातला होकार

सोलापूरच्या कोर्टात आरोपीला उभं करायच्या आधी पोलीस त्याच्याकडून एक उत्तर घोकवून घेत. न्यायाधीश विचारतील, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?" तेव्हा "नाही" म्हणायचं आणि मान खाली घालायची. ही रीत फार जुनी. नवी होती ती आरोपींच्या कपाळावरची लालसर रेघ, घट्ट टोपी काढल्यावर उमटते तशी. ती मनपट्टीची खूण होती.

अनसूया चिलवेरीच्या कपाळावरही ती उमटली होती. टॉवेल कारखान्यातल्या बायकांच्या संघटनेची ही पुढारी. संप चालू असताना मालकाचं गोदाम जळालं आणि पोलिसांनी संपातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई उचलली. आग तिनं लावली नव्हती, कोणी लावली हेही तिला ठाऊक नव्हतं.

"मावशी, तेवढं नाही म्हणा," कोर्टाच्या पायऱ्या चढताना कॉन्स्टेबल सविता ढेकळे हळूच म्हणाली.

"काल नाहीच म्हटलं की वो. कुणी ऐकलं?"

मनपट्टी कपाळावर चढवून माणसाला फोटो दाखवले, की ओळखीची गोष्ट दिसताच तोंड उघडायच्या आत मेंदू ओळख देतो आणि पट्टी ती टिपते. पण आरोपीच्या संमतीशिवाय ती वापरायला मनाई होती. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणाला भाग पाडायचं नाही, हे राज्यघटनेतच लिहिलेलं. म्हणून पट्टी बनवणाऱ्यांनी भलतीच शक्कल लढवली. नवी पट्टी संमतीसुद्धा मेंदूतूनच वाचायची. काल ठाण्यात "नुसतं विचारायचंय" म्हणून ती अनसूयाच्या डोक्यावर चढवली. तिनं ठणकावून नाही म्हटलं, तरी पडद्यावर हिरवी अक्षरं आली: संमती आहे. मग गोदामाचा फोटो दाखवला. तिथं तिनं अर्धा जन्म टॉवेलांच्या घड्या घातलेल्या, मेंदू ओळख देणार नाही तर काय करील? पोलिसांनी मात्र तीच ओळख पुरावा म्हणून कागदावर चढवली.

सरकारी विधी सेवेकडून मिळालेली तिची वकील, नाझनीन बागवान, दाराशी वाट पाहत होती. "मावशी, मी पुन्हा चाचणी मागते. फक्त आग लावणाऱ्यानंच पाहिलेल्या वस्तूंचे फोटो माझ्यासमोर दाखवू दे. तुम्ही निर्दोष आहात, हे पट्टीच सांगेल. संध्याकाळी घरी जाल."

घराचं नाव निघताच अनसूयानं वळून रस्त्याकडं पाहिलं. तिला फार फार घरी जायचं होतं.

"आणि उद्या माझ्यामागनं जी येईल ती? अनसूयानं लावून घेतली, मग तू का घाबरतीस, असंच म्हणतील की तिला. नको म्हणणारी प्रत्येक बाई चोर ठरेल."

नाझनीननं हातातला चाचणीचा अर्ज घडी करून पिशवीत टाकला. मग म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणाल तसं लढू."

आत न्यायाधीशांनी मान वर न करताच विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

"आहे."

टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. न्यायाधीशांनी चष्मा काढला. फौजदार आवताडे घाईनं पुढं झाले. "साहेब, संमतीची नोंद यंत्रात आहे. माणूस तोंडानं खोटं बोलतो, मेंदू बोलत नाही."

"तोंडानं नाही म्हणाली होती का?" नाझनीननं विचारलं.

आवताड्यांनी नुसता नोंदीचा कागद पुढं केला.

न्यायाधीश अनसूयाकडे वळले. "बाई, खरं सांगा. मनात होकार होता?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिनं कपाळावरच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"होता साहेब. दमले होते. वाटलं, बघा एकदाचं डोक्यात आणि सोडा मला. पण मनात लई काय काय येतं. त्यातलं काय बाहेर काढायचं ते माझं मी ठरवते. मी ठरवून नाही म्हटलं. तेवढंच माझं बोलणं. बाकीचं तुमच्या यंत्रानं चोरलंय."

"मग आता वकिलांसमोर लावून घ्या. निर्दोष दिसलात तर जामिनाचं लगेच बघतो."

"नाही लावत."

"कोठडीत जावं लागेल."

"जाते."

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी आदेश सांगितला. मनातला होकार ही कायद्यानं संमती ठरते का, याचा निर्णय उच्च न्यायालय देईपर्यंत पट्टीची नोंद पुराव्यात धरायची नाही. पोलीस कोठडीही नाही. पण मालकाच्या माणसांचे जबाब विरोधात होते, त्यामुळे अनसूयाला न्यायालयीन कोठडीत, म्हणजे तुरुंगात जावं लागणार होतं. नाझनीननं जामिनाचा अर्ज तिथंच लिहायला घेतला.

गाडीत सविता तिच्याशेजारी बसली. गाडी कोर्टाबाहेर पडताच तिनं विचारलं, "मावशी, मनात हो होतं, हे कशाला कबूल केलंत? खपून गेलं असतं की."

"खरं होतं म्हणून. मनात तर मी आमच्या मालकाला किती वेळा हौदात बुडवलंय. तू नाही कधी तुझ्या फौजदाराला बुडवलंस?"

सवितानं दचकून पुढं चालकाकडं पाहिलं. मग वर्दीला पदर नसल्यानं तोंडावर हात धरून ती हसली.

"हसू नको पोरी," अनसूया म्हणाली. "मनात आलं म्हणून आत घालायला लागले, तर तुरुंगाला बाहेरून कुलूप लावायला कोण उरेल?"