भरवशाचा मणी

वेंगुर्ल्याच्या बालवाडीबाहेर आईबाप आता मुलांच्या तोंडाकडे आधी बघत नसत, गळ्यातल्या मण्याकडे बघत. कुणी बोलू लागलं की मणी रंग बदले. हिरवा झाला, तर मुलाचा त्या माणसावर भरवसा आहे. राखाडी झाला, तर बोलणाऱ्याची अब्रू गेलीच म्हणून समजा!

विश्राम सावंत बोलला की त्याच्या चार वर्षांच्या लेकीचा, शर्वीचा मणी राखाडी व्हायचा. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा हा गडी भारी थापाड्या. "चॉकलेट? कावळ्यानं नेलं." "औषध? गोड गोड आहे." सगळेच बाप सांगतात म्हणा, पण आता ते चारचौघांत दिसत होतं.

शेवटी त्यानं मणी तयार करणाऱ्या थोरल्या बहिणीला, डॉक्टर हेमलताला गाठलं. "ताई, तुझं यंत्र बिघडलंय."

"यंत्र नाही, तू बिघडलायस," ती हसली. "अरे, कोण बरोबर निघालं, कोण चुकलं, हे एवढाली पोरं मनात धरून ठेवतात. चुकणाऱ्याला पुन्हा विचारत नाहीत. मण्याला खरंखोटं कळत नाही, तो फक्त तिच्या मनातला भरवसा दाखवतो."

"मग करू काय मी?"

"ठाऊक नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हण. त्यानंही भरवसा वाढतो."

विश्राम हट्टाला पेटला. "औषध कडू आहे, पण घ्यायचंय." "मासे झोपतात का? माहीत नाही गं बाई." हळूहळू मणी हिरवा झाला. बालवाडीच्या बाईंनाही मिळत नसे असा लख्ख हिरवा! गडी नाक्यानाक्यावर सांगत सुटला, "अख्ख्या वेंगुर्ल्यात दाखवा असा बाप!"

मग शर्वीच्या हृदयात दोष निघाला. ऑपरेशन अवघड होतं. सर्जननी विश्रामला बाजूला घेऊन सांगितलं, "खात्री देता येत नाही."

स्ट्रेचरवर शर्वी भेदरून हातपाय झाडत होती. "बाबा, मी परत उठणार ना?"

'माहीत नाही' त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"उठणार म्हणजे काय! उठणारच."

शेजारी उभ्या हेमलतानं चमकून मण्याकडे पाहिलं. हिरवागार. शर्वी शांत झाली, नर्सला ऐटीत म्हणाली, "माझे बाबा सांगतात ते खरंच असतं." नर्सनं मणी काढून विश्रामच्या हातात ठेवला आणि दार बंद झालं.

"बघितलंस, ताई? माझ्या एका शब्दावर आत गेली पोर!" त्याची छाती अभिमानानं भरून आली होती.

हेमलताच्या चेहऱ्याकडे बघता बघता विश्रामच्या ध्यानात आलं. शर्वी उठली, तर बाबा खरेच ठरणार होते. नाही उठली, तर बाबा खोटं बोलले, हे तिला कधीच कळणार नव्हतं.