मास्तरांनी न पाहिलेली मालिका

बाबा गेल्यावर त्यांचा फोन मी बंद केला नाही. सोसायटीचे निरोप त्यावर येतात, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं कारण ‘घाट आणि गिअर’ हे होतं. रस्त्यावरच्या मोटारशर्यतींच्या जपानी ॲनिमे मालिका पाहणाऱ्या मराठी लोकांचा तो ग्रुप. तीनशेच्या वर माणसं, बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरची. त्यात बाबा एकटे एकाहत्तर वर्षांचे.

मुलुंडला त्यांनी बत्तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. शिकवणीच्या गाडीत डाव्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतात. त्यांचं आयुष्य त्या सीटवर गेलं. निवृत्तीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा माझ्या मावसभावाने, सुयोगने, त्यांना शर्यतींची एक मालिका लावून दिली. तीन भाग पाहून ते लंगडत स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, “शर्मिष्ठा, ह्या लोकांनी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतानाचा आवाज बरोब्बर काढलाय गं.”

ग्रुपवर रोज कोणीतरी विचारायचं, ती मालिका संपली, आता तशीच दुसरी कुठली पाहू? बाबा, म्हणजे तिथले मास्तर, उलट विचारायचे, “काय आवडलं? गाडी, रस्ता, की माणूस?” गाडी म्हणणाऱ्याला ते गॅरेजातली मालिका सांगायचे. रस्ता म्हणणाऱ्याला सायकलवाल्या पोरांची. माणूस म्हणणाऱ्याला चक्क पत्त्यांच्या डावांची, जिच्यात एकही गाडी नाही, आणि आठवड्याने तो “मास्तर, मानलं!” असं लिहायचा. स्वतः शेवटच्या भागापर्यंत न पाहिलेलं काहीही ते सुचवत नसत. आधी पाहायचं, वहीत तारीख टाकायची, मग सांगायचं.

मे महिन्यात ते गेले. त्या वेळी ते मला गाडी शिकवत होते. चाळिशीनंतर मी एकदाची तयार झाले होते. त्या दिवशी दोनला मी फोन करून सांगितलं की मुद्रितं तपासायची राहिलीत, आज जमणार नाही. ते म्हणाले, “मी बागेपाशी थांबतो. जमलं तर ये.” पावणेपाचला पोलिसांचा फोन आला. गाडी बागेपाशी नव्हती. योगी हिल्सच्या चढावर, वरच्या वळणाशी उभी होती. इंजिन चालू. बाबा डाव्या सीटवर. उजवी सीट रिकामी.

हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. स्वतःच वर नेली असेल, उन्हाचं एसीसाठी इंजिन चालू ठेवून बाजूला बसले असतील, असं पोलीस म्हणाले. यात न पटण्यासारखं काही नव्हतं. मला फक्त एवढंच कळत नव्हतं की ते किती वेळ माझी वाट पाहत होते.

ग्रुपला मी काहीच कळवलं नाही. जून उजाडला तरी प्रश्न येतच होते, तेव्हा वही काढून मी त्यांच्या वतीने उत्तरं द्यायला लागले. संपादनाचं काम करणारीला दुसऱ्याच्या आवाजात लिहिणं अवघड नसतं. संध्याकाळी दोन-तीन उत्तरं दिली की घरात कोणीतरी आहे असं वाटायचं.

ऑक्टोबरात गार्गी नावाच्या मुलीने विचारलं. मी मास्तरांचा प्रश्न टाकला. तिने लिहिलं, “तिन्ही नको, मास्तर. ज्यात कोणी जिंकत नाही असं काही आहे का? बाबा वारल्यापासून शर्यत बघवत नाही.”

वहीत तसं काही नव्हतं. मी ते सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी लिहिलं: “‘डावी सीट’ बघ. बारा भाग. एक म्हातारा शिक्षक डोंगराच्या रस्त्यावर आपल्या मुलीला गाडी शिकवतो. बाकी काही घडत नाही.” पाठवल्यावर लाज वाटली. सकाळी पुसून टाकू म्हटलं, आणि राहून गेलं.

चौथ्या दिवशी तिचा निरोप आला. “मास्तर, सात भाग झाले. रडून रडून वाट लागली माझी. कुठून शोधलंत हे?”

थट्टा करत असेल, असं वाटलं. मग मिहिर म्हणून एकाने लिहिलं, पाचव्या भागातला कोकम सरबताचा प्रसंग भारी आहे. दुसऱ्या एकाने लिहिलं, म्हातारा चिडला की नुसता आरसा पुसतो, ते एक नंबर. कोकम सरबताची बाटली बाबांच्या गाडीत असायची. त्यांच्या आरसा पुसण्याचं मी कधी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

मी दोन दिवस शोधलं. मराठीत, इंग्रजीत, शेवटी भाषांतराच्या मदतीने जपानीत. त्या नावाची मालिका कुठेच नव्हती. गार्गीला विचारलं, कुठे बघतेस? “तुम्ही दिलेल्या लिंकवर,” ती म्हणाली. मी लिंक दिलेली नव्हती.

मग मी तिला खाजगीत कळवलं की मी मास्तरांची मुलगी, त्यांना मालिका पुन्हा पाहायची आहे आणि लिंक चालत नाही. तिने लगेच लिहिलं, “ताई, घाटकोपरला या ना. रविवारी दुपारी. शेवटचा भाग मी राखून ठेवलाय.”

पंतनगरमधली जुनी इमारत, दुसरा मजला. गार्गी सव्वीस-सत्तावीसची, बँकेत नोकरीला. आई गावाला गेली होती. तिने पोहे केले होते आणि टीव्हीसमोर दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मांडल्या होत्या.

“मास्तर नाही आले?”

“नाही.”

“मला वाटलं, त्यांनाच दाखवू. बरं, आधी अकरावा परत लावते. चौथ्या भागापासून ती प्रत्येक चढावर गाडी बंद पाडते ना, तुम्हाला संदर्भ लागायला हवा.”

पडद्यावर रस्ता आला. हाताने रंगवलेला, जरा धुरकट. समोरची काच, काचेच्या कडेला धुळीची कमान, पुढे डांबर आणि करडा डोंगर. इंजिनाचा आवाज. गार्गी हसली.

मी पडद्याकडे पाहत राहिले. माणसं नव्हती. बोलणं नव्हतं. खाली अक्षरंही नव्हती.

“मी चष्मा विसरले,” मी म्हणाले. “जरा मोठ्याने वाचशील?”

“वाचते की. तो म्हणतोय, गाडी बंद पडली म्हणून तुझी किंमत कमी होत नाही, मागच्या रिक्षावाल्याची सहनशक्ती कमी होते.” ती पुन्हा हसली. “कसला आहे यार हा माणूस!”

हे वाक्य बाबांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

बारावा भाग सुरू झाला. रस्ता होता, पण हलत नव्हता. उजवीकडे बागेचं कुंपण.

“थांबलाय तो,” गार्गी म्हणाली. “तिची वाट बघतोय. उजवी सीट पुढे ओढून ठेवली त्याने. ती बुटकी आहे ना.”

“चिडलाय का?”

“छे. गाणं गुणगुणतोय.”

“किती वेळ?”

“कळत नाही. सावल्या सरकताहेत.” ती थोडी पुढे वाकली. “आली! ताई, आली ती.”

पडद्यावर कुंपण होतं.

“मुद्रितं म्हणजे काय हो? ती म्हणतेय, मुद्रितं उद्या बघेन.”

“छापायच्या आधीचे कागद.”

“हां. बसली. आरसा नीट केला. इंजिन चालू.”

कुंपण मागे सरकलं. रस्ता चढू लागला. पहिलं वळण, दुसरं. गार्गी आता वाचत नव्हती. एकदा तिने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“ताई, ही तुमच्यासारखी दिसते.”

“असेल.”

“नाही, म्हणजे… हा तीळसुद्धा.”

वरचं वळण आलं. रस्ता थांबला. इंजिन चालूच होतं.

“तो काहीतरी बोलला तिला,” गार्गी हळू म्हणाली. “इथे खाली अक्षरंच नाहीत. आणि डोळे मिटले. झोप लागली वाटतं. ती बसलीय नुसती, त्याचा हात धरून.”

“बराच वेळ?”

“हो. बराच वेळ. आता उतरली. चालत खाली निघाली.”

पडदा तसाच राहिला. डोंगर, डांबर, धुळीची कमान.

“ताई, मास्तर कुठे आहेत?”

“मे महिन्यात गेले. गाडीत.”

“आणि तुम्ही?”

“मी घरी होते.”

“घरी कोण होतं अजून?”

“कोणी नाही.”

पंख्याचा आवाज येत होता. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

“मग शेवटी तो काय म्हणाला असेल?” तिने विचारलं. मला नव्हे, तर पडद्याला विचारल्यासारखं.

“‘बघ, एकदाही बंद पडली नाही,’” मी म्हणाले.

गार्गीने कसं कळलं म्हणून विचारलं नाही. तिने आपली खुर्ची उचलली, आवाज होऊ न देता, आणि माझ्यापासून हातभर लांब ठेवली.