पिवळी रेघ

मिस्त्रींनी सकाळी सातला दोन्ही गाड्या स्टँडवर उभ्या केल्या आणि पाना हातात घेतला. डोंगरात जायचं म्हणजे आधी नट आवळायचे. पुढचं चाक, मागचं चाक, हँडल, ब्रेक. एक नट आवळला की त्यावर पिवळ्या ऑइलपेंटची बारीक रेघ ओढायची, निम्मी नटावर, निम्मी शेजारच्या लोखंडावर. रेघ सरळ आहे तोवर नट जागेवर आहे. तुटली की समजावं, नट फिरला. चाळीस वर्षं हाच नेम. आधी पाना, मग रंग. गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक कारागिराला हे पहिल्या दिवशी सांगितलं जाई. जो उलटं करी त्याला दुसरा दिवस नसे.

"मिस्त्रींची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," गिऱ्हाइकं म्हणत. मिस्त्रींना ते आवडे. चेहऱ्यावर दाखवत नसत, एवढंच.

पुतणी पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी. वय सत्तावीस. गाडी बापासारखी चालवायची आणि बोलायचीही बापासारखीच.

"काका, गाडी म्हातारी, तुम्ही म्हातारे. तंबू तेवढा तरुण आहे."

"म्हातारी गाडी घाटात रुसून बसत नाही. नव्यांचं काही सांगवत नाही."

"मी बसले रुसून, तर ढकलाल?"

"ठेवून येईन तिथंच."

ती हसली. मिस्त्री हसले नाहीत. त्यांना या वाटेनं जायचंच नव्हतं.

दर वर्षी पानगळ लागली की मिस्त्री आणि त्यांचा धाकटा भाऊ गाड्या काढायचे, घाट चढून वरच्या पठारावर एक रात्र तंबूत राहायचे. वीस वर्षं असं चाललं. गेल्या वर्षी उतरताना पठाराखालच्या तिसऱ्या वळणावर धाकट्याचं पुढचं चाक निघालं आणि तो गाडीसकट दरीत गेला. चेहरा ओळखू येत नव्हता. पोलिसांनी विचारलं, कसं झालं? मिस्त्री म्हणाले, वेग. त्यांनी तेच लिहून घेतलं. मिस्त्रींच्या शब्दावर कोण शंका घेणार? मोडकी गाडी मिस्त्रींनी चौथ्या दिवशी भंगारात घातली. कुणाला पाहायलाही दिली नाही.

धाकट्यानं बायकोला शब्द दिला होता की घाटात चाळीसच्या वर काटा जाणार नाही. ती ते विसरली नाही. "शब्द मोडून गेला," एवढंच म्हणाली, आणि नवऱ्याचा फोटो कपाटात पालथा ठेवून दिला. वर्षभर तो तसाच होता. पोरीला ते सहन होईना. बापानं शब्द मोडला नाही, हे तिला आईसमोर सिद्ध करायचं होतं. म्हणून ती वळण पाहायला निघाली होती. एकटी सोडता येईना आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून मिस्त्री निघाले होते.

घाटात पानं पडत होती. रस्त्याच्या कडेला पिवळ्या-तांबड्या पानांचे ढीग लागले होते, चाकाखाली आले की ओल्या कागदासारखा आवाज व्हायचा. हवेत कुजक्या पानांचा आणि गार दगडाचा वास. मिस्त्री पुढे, पोर मागे. पुढच्यानं प्रत्येक वळणावर आरशात मागच्याचा दिवा पाहायचा, दिसला नाही तर थांबायचं, हा दोघा भावांचा नियम. पोरीनं तो बापाकडून उचलला होता.

पठाराखालच्या त्या तिसऱ्या वळणावर आरशात दिवा दिसेना. मिस्त्री मागे वळले. ती गाडी लावून कठड्यापाशी उभी होती.

"इथं चाळीसनं येताच येत नाही, काका. मी आत्ता वळून उतरणीनं येऊन पाहिलं. पंचविसाला गाडी दरीकडे ओढायला लागते. बाबा वीस वर्षं येत होते. ते कशाला पळवतील?"

"तुझा बाप वेगळा होता."

"कसा?"

"चल. धुकं येतंय."

"तुम्ही त्यांच्यापुढे होतात ना? आरशात पाहिलंत?"

मिस्त्रींनी किक मारली. इंजिनाच्या आवाजात उत्तर द्यावं लागलं नाही.

पठारावर पोचले तेव्हा पाच वाजले होते. जुन्या जागीच तंबू लावला, एका मोठ्या झाडाखाली. झाड निम्मं उघडं झालं होतं. धुकं दरीतून वर आलं आणि सहालाच दहा पावलांवरचं दिसेनासं झालं. दोन्ही गाड्या तंबूच्या मागे होत्या, तिथं नुसत्या दोन काळ्या सावल्या उरल्या. पोरीनं स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला. दोघं समोरासमोर बसली. कुठं पाखरू नाही, वारा नाही. पानं तेवढी टपटप पडत होती.

मग तंबूमागून आवाज आला.

कट... कट... कट.

रिंगपाना नटावर बसतो, फिरतो, पुन्हा बसतो, तो आवाज. मिस्त्रींनी तो आयुष्यभर ऐकला होता. झोपेतही ओळखला असता.

"कोण आहे तिकडे?" पोर हळूच म्हणाली.

"बस तू."

मिस्त्री बॅटरी घेऊन मागे गेले. कुणी नव्हतं. पानांवर पावलं नव्हती. पण वास होता. ऑइलपेंटचा, ताजा, नाकात जाणारा. त्यांनी स्वतःच्या गाडीच्या पुढच्या चाकावर उजेड टाकला. एक्सलच्या नटावर पिवळी रेघ होती. बोट लावलं, तर बोट पिवळं झालं. रंग ओला होता. सकाळी सातचा रंग संध्याकाळी ओला कसा राहील? आणि बोटाच्या धक्क्यानं नट फिरला. नुसत्या बोटानं. बाटलीचं बूच फिरावं तसा.

मिस्त्रींनी डिकीतून पाना काढला, जोर लावून नट आवळला आणि परत येऊन बसले.

"काय होतं?"

"काही नाही. गाडी थंड झाली की लोखंड वाजतं."

"तुमच्या बोटाला काय लागलंय?"

मिस्त्रींनी हात पँटला पुसला.

पोरीनं चहा गाळला. कप हातात दिला. घोट घेतो न घेतो तोच पुन्हा आवाज आला. कट... कट... कट. ती समोरच होती, दोन्ही हात कपाभोवती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिस्त्री उठले. नट पुन्हा सुटा. रेघ पुन्हा ओली आणि सरळ, हात न थरथरता ओढलेली. त्यांनी पुन्हा आवळला, या वेळी अंगातला सगळा जोर लावून. दात आवळले, मनगटात कळ आली. पाना नटावरून काढला आणि तिथंच उभे राहिले. पाहू, कोण येतं ते.

धुकं गाडीभोवती फिरत होतं. आवाज नाही, माणूस नाही. आणि बॅटरीच्या उजेडात, त्यांच्या डोळ्यांदेखत, नट आपोआप उलटा फिरायला लागला. सावकाश. पाव आटा... अर्धा आटा... पूर्ण. थांबला. मग लोखंडावर पिवळा थेंब आला, आणि त्याची रेघ झाली.

आधी रंग. पाना नाहीच.

मिस्त्रींच्या हातातून पाना पडला.

"बस कर," ते धुक्याला म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "बस कर रे. कळलं मला. माझ्या हातून झालं... उशीर झाला होता, तू 'दादा, आटप, दादा, आटप' करत होतास. मी सगळ्या नटांना आधी रंग लावून घेतला. म्हटलं, एकदम आवळू. मग कुणीतरी हाक मारली, मी उठलो. परत आलो तर रेघा दिसल्या. सगळ्या सरळ. मला वाटलं, आवळून झाले."

पानं पडायची थांबली होती.

"तुझा काही वेग नव्हता. मी आरशात पाहत होतो. तू हळू येत होतास."

मागं काहीतरी हललं. पोर उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे. तिच्या हातातला कप कलंडला होता आणि चहा बुटांवर सांडत होता.

तिनं कप खाली ठेवला. मग एवढंच म्हणाली, "हे आईला सांगायचं. तुम्ही. तुमच्या तोंडानं."

"सांगतो."

"उद्याच."

"सांगतो म्हटलं ना."

त्यानंतर आवाज आला नाही. सकाळी दोघांनी मिळून एकूण एक नट तपासला. सगळे घट्ट होते. रेघा वाळलेल्या, सरळ.

उतरताना पोर पुढे होती. एकदाही थांबली नाही. प्रत्येक वळणावर आरशात मात्र पाहत होती, नियम तिनं मोडला नाही.

संध्याकाळी पाचला दोघं घरी पोचली. भावजयीनं दार उघडलं, पोरीला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. मग मिस्त्रींना खुर्ची दिली, पाणी दिलं. समोर कपाट होतं. त्यात फोटो पालथा होता हे तिघांनाही माहीत होतं.

"भाऊजी, तुम्ही पोरीबरोबर होतात म्हणून माझ्या जिवाला घोर नव्हता," ती म्हणाली. "तुमचा हात फिरलेली गाडी. तिच्या बापानंही तुमचं ऐकलं असतं, तर आज..."

पोर मिस्त्रींकडे पाहत होती. तिची नजर ढळत नव्हती.

मिस्त्रींनी घसा साफ केला. चाळीस वर्षं लोकांनी ज्या हाताची शपथ घेतली तो हात मांडीवर पडला होता. काळ्या दगडावरची रेघ. ती पुसायची म्हणजे मागं काय उरणार?

"उद्या येतो," ते उठत म्हणाले. "थोडं बोलायचं आहे. उद्या."

पोर आत गेली. तिच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

गॅरेजात येऊन मिस्त्रींनी गाडी स्टँडवर घेतली, हेल्मेट खुंटीला अडकवलं, दिवा लावला. सवयीनं पुढच्या चाकापाशी वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

एक्सलवर नट नव्हता. लोखंडावर निम्मी पिवळी रेघ होती, उरलेली निम्मी नटाबरोबर गेली होती. एक्सल अर्धा बाहेर सरकला होता. बोटभर आणखी सरकता तर चाक निघालं असतं. घाटात नाही, अगदी आत्ता, भावजयीच्या दारापासून गॅरेजाच्या कोपऱ्यापर्यंत येताना.

तिथंच ते भिंतीला पाठ लावून खाली बसले. किती वेळ गेला कळलं नाही. मग त्यांनी दिवा तसाच सोडला, दार उघडं टाकलं आणि चालत निघाले. आता रेघ राहो की पुसो, मन मोकळं करायचंच होतं. रस्त्यावरचे दिवे लागले होते. वाटेत वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळेना. शेवटी ठरवलं, जुळवायचं नाही. जसं झालं तसं सांगायचं.

भावजयीनं दार उघडलं. तिचे डोळे रडून लाल झाले होते. तिच्या मागे, भिंतीवर, धाकट्याचा फोटो लावलेला होता. सरळ. चेहरा खोलीकडे.

"मला सांगायचं होतं..." मिस्त्रींनी सुरुवात केली.

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. "आणखी काय सांगायचं राहिलं, भाऊजी? आत्ताच तर सगळं सांगून गेलात. रंगाचं, नटाचं. इथंच बसला होतात, अर्धा तास."

"मी?"

"मी म्हटलं, हेल्मेट तरी काढा. तर म्हणालात, नको, चेहरा दाखवण्यासारखा राहिला नाही." तिनं पदरानं डोळे टिपले. "राग तर आलाच. पण बरं केलंत. वर्षभर त्या बिचाऱ्याला बोल लावत बसले होते."

मिस्त्रींनी दाराची चौकट धरली. हेल्मेट गॅरेजात खुंटीला होतं. टेबलावर एक कप होता, भरलेला, न प्यालेला. त्याच्या शेजारी नट पडला होता. नटावर निम्मी पिवळी रेघ, दिव्याखाली ओली चमकत होती.

"तो तुम्हीच ठेवून गेलात," ती म्हणाली. बोलावं की न बोलावं, असं तिला झालं होतं. "एक मला कळलं नाही. जाताना दारात थांबलात, मागं न बघता म्हणालात, 'पुढच्या पानगळीला दादाच्या गाडीचे नट मी आवळीन.' भाऊजी... तुम्ही स्वतःलाच दादा का म्हणालात?"