शेवटची दुरुस्ती

वकिलांच्या त्या कचेरीत परदेशी कायदा हवा असला की ग्रंथपाल ताईकडे जायचं, हे ठरलेलं. कुठल्या देशाचं राजपत्र इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं, कुठलं विद्यापीठ निकालांची भाषांतरं ठेवतं, सगळं तिला तोंडपाठ. आणि एक खोड हाडीमाशी खिळलेली: कलम सापडलं की आधी पानाच्या तळाशी जाऊन शेवटची दुरुस्ती कधीची ते बघायचं. "मेलेला कायदा कोर्टात नेलात तर तोंडावर आपटाल," असं ती नव्या वकिलांना ऐकवायची.

तिच्या धाकट्या बहिणीचा परदेशी नवरा लेकीला, चिमीला, "सुट्टीपुरतं नेतो" म्हणून आपल्या देशी घेऊन गेला आणि तिथंच बसला. गोडबोल्या मेला! शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण इथं शहाणपण काय चाटायचंय? ताईनं कंबर कसली.

पहिलं कलम दुपारीच सापडलं. आईच्या संमतीवाचून नेलेलं मूल परत पाठवावं. स्वच्छ, सरळ. दुरुस्ती कैक वर्षांपूर्वीची. धाकटी फोनवर हसली, रडली. सकाळी तिथल्या वकिलाला पाठवण्याआधी ताईनं पान पुन्हा उघडलं. कलम रद्द. शेवटची दुरुस्ती: काल.

योगायोग, दुसरं काय! तिनं आईला भेटीचा हक्क देणारं कलम शोधलं. ते संध्याकाळपर्यंतच गेलं. तिथल्या वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, "असा कायदा आमच्याकडे कधी नव्हताच, बाई." ताईनं सकाळी छापून घेतलेली प्रत काढली. कागद तोच, समासातली तिची पेन्सिलीची खूण तीच. मजकूर मात्र नवा.

मग तिच्या ध्यानात आलं. ती बघत होती, म्हणून कायदे जात होते. जन्मभर मिरवलेली हुशारी, आणि कामाला आली ती अशी!

तिनं शोधणं थांबवलं.

"दमलीस?" धाकटीनं विचारलं. "परक्यांसाठी बरी शोधतेस गं."

"ऐक माझं. आता काही बघायचं नाही. दर रविवारी चिमीचा फोन येतो ना? तेवढा तरी राहू दे."

"तेवढा तरी?" धाकटी उसळली. "माझं लेकरू आहे ते!"

त्या रविवारी फोन आला नाही.

ताई धावतपळत तिच्या घरी पोचली. धाकटी स्वयंपाकघरात मोबाईलवर वाकून बसली होती. डोळे सुजलेले.

"मी शोधलं, ताई. तू करतेस तस्संच. मुलाला आईशी फोनवर बोलू द्यावं, असं कलम होतं गं. काल या डोळ्यांनी वाचलं. आज नाहीये."

"ठेव तो मोबाईल."

"सगळं काढून घेतील, पण जिनं जन्म दिला ती आई, एवढं तरी कुठल्याही देशात असेलच की नाही? थांब. हे बघ, सापडलं!"

ताईनं मोबाईल हिसकावला.

धाकटी रिकाम्या हातांकडे बघत राहिली. तिचं रडं हळूहळू ओसरलं. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा निवांत दिसत होता.

"ताई," तिनं विचारलं, "मी काय शोधत होते गं?"