मंजुळाबाईचं दार

किसनरावांना गोष्ट सांगा म्हटलं की ते आधी नाही म्हणतात. हे नाही फार वेळ टिकत नाही, हे मळ्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. थ्री-फेज लाइट रात्री बाराला येणार होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि घड्याळात आता कुठे साडेनऊ झाले होते. मोटारीच्या खोलीपुढे पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ केला होता. भोवती चार पोरं बसली होती, त्यात निवृत्ती सगळ्यात आगाऊ.

"काका, भुताची सांगा. पण खरी पाह्यजे," तो म्हणाला.

"खोटी सांगाले डोकं लागते, बे. ते देवानं मले दिलं नाई," किसनराव म्हणाले. "गजेंद्र माह्या साडूचा पोरगा, अमडापूरचा. त्याच्या तोंडून दोनदा ऐकली. दोन्ही वेळा सारखीच निघाली, म्हणून म्या मानली."

मग त्यांनी विडी जाळात टाकली आणि सांगायला सुरुवात केली.

मंगळवार, बारा डिसेंबर दोन हजार तेवीस. कार्तिकातली अमावस्या. रात्री पावणेनऊच्या सुमारास गजेंद्र शेगाव स्टेशनावर उतरला. लगेजच्या डब्यातून त्याने ब्लँकेटात गुंडाळलेली आठ फुटांची फळी उतरवून घेतली. बाहेर भागवत आपली पिकअप घेऊन उभा होता. त्याने फळीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय आणलं बाप्पा, दरवाजा?"

"लाटेवर चढाची फळी हाय," गजेंद्र म्हणाला. भागवतला त्यातलं काही कळलं नाही आणि भाडं ठरलेलं असल्यामुळे त्याने पुढे विचारलंही नाही.

ही फळी प्रज्वलची होती. जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. बाप महादेवराव आणि आई मंजुळाबाई दीड एकरात मेथी, पालक, वांगी पिकवायचे. गजेंद्र आणि प्रज्वल दोघं कोकणातल्या एका रिसॉर्टवर कामाला होते. मालकाला लाटांचा नाद. त्याने या दोन वऱ्हाडी पोरांना फळीवर उभं राहायला शिकवलं. जे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले, त्यांना समुद्र म्हणजे काय, हे समजायला वेळ लागला. पण एकदा समजलं आणि दोघंही वेडे झाले.

रिसॉर्टच्या मागे, डोंगराच्या दोन सोंडांमध्ये एक लहान कोंड होतं, म्हणजे आत शिरलेला समुद्राचा तुकडा. वारा तिथे फिरकत नाही, म्हणून पाणी तळ्यासारखं शांत. पण मधोमध पाण्याखाली खडकाचं पठार होतं. भरती अर्धी झाली की बाहेरच्या समुद्रातली लाट आत येऊन त्या खडकाला अडखळायची, उभी राहायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने फुटत जायची. होडीवाले तिकडे जात नसत. मालकानेही तिथे जायची सक्त मनाई केली होती. त्यामुळे ती लाट या दोघांचीच होती. तिसरं माणूस त्यांनी तिथे कधी पाहिलं नाही.

दोघांनी एक नियम घातला होता. जो आधी बाहेर निघेल त्याने काठावरून हात वर करायचा. आतल्याने एक हात वर केला तर अर्थ असा की मी बरा आहे, तू जा. दोन्ही हात हलवले तर अर्थ असा की ये.

आणि प्रज्वलची एक खोड होती. फळीची दोरी घोट्याला पट्ट्याने बांधतात, ओढला की सुटेल असा पट्टा. प्रज्वल त्या पट्ट्यावर नायलॉनच्या सुतळीच्या दोन गाठी मारायचा. विहिरीत शिकताना बापाने डोक्यात घातलेलं, की दोरी सुटली तर बुडशील. मालक ओरडायचा की समुद्रात दोरी सुटली पाहिजे. प्रज्वल नुसता हसायचा आणि गाठी मारायचा.

एकोणीस नोव्हेंबर, रविवार. त्या दिवशी क्रिकेटच्या वर्ल्ड कपची फायनल होती, दोन वाजता सुरू होणार होती. दीड वाजता गजेंद्र बाहेर आला आणि त्याने काठावरून हात केला. आतून हात वर आला. एकच. डावा.

गजेंद्र पाऊलवाटेला लागला. वळून पाहिलं तर हात अजून वरच होता. एवढा वेळ कोणी हात वर धरून ठेवत नाही, हे त्याला कळलं. कळलं आणि तरी तो मनाशी म्हणाला, जा म्हणतोय. वर चढल्यावर परत पाहिलं. आता नुसतं पाणी होतं. तो पळतच मॅच बघायला गेला.

खडकाच्या कपारीत दोरी अडकली होती. उजवा हात ती गाठ सोडवण्यात गुंतलेला आणि वर काढायला एकच हात मोकळा. हे गजेंद्रला संध्याकाळी समजलं, फळी अर्ध्या तुटक्या दोरीसकट काठाला लागली तेव्हा. तीन दिवस शोध झाला. प्रज्वल सापडला नाही.

आणि गजेंद्र सगळ्यांना म्हणाला, "तो सकाळीच एकटा गेला होता. मी सोबत नव्हतो."

भीती वाटली, दुसरं काय. नोकरी जाईल, पोलीस धरतील, लोक तोंडावर थुंकतील. पण त्या एका खोट्यामुळे जळगाव जामोदच्या पुढच्या त्या घरात वेगळंच झालं. प्रज्वलला पाण्यात कोणीच पाहिलं नाही म्हटल्यावर मंजुळाबाईने त्याला मेला मानायचंच नाकारलं. महादेवराव म्हणायचे, पिठाचा पुतळा करू, क्रिया करू, पोराला मोकळं करू. ती म्हणायची, माझा पोरगा फळी टाकून कुठेतरी गेला असेल, येईल. तीन आठवडे ती रोज रात्री त्याचं ताट वाढून उंबऱ्याशी ठेवत होती. घराचं दार लावत नव्हती. शेवटी तिने गजेंद्रला फोन केला. म्हणाली, त्याची फळी घेऊन ये, तिच्यावर हात ठेवून सांग, मग मी ठरवीन.

म्हणून गजेंद्र निघाला होता. रेल्वेत रात्रभर त्याने ठरवलं, सगळं सांगायचं. कल्याणला ठरवलं, अर्धं सांगायचं. शेगावला उतरला तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं.

"काका, भूत कुठी हाय?" निवृत्तीने मध्येच विचारलं.

"पूर्णेच्या पुलावर हाय. दम धर," किसनराव म्हणाले.

दहा वाजून दहा मिनिटांनी गाडी पूर्णेच्या पुलापाशी आली. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरींना मिठाचं पाणी, जमिनीवर मिठाची पांढरी खर. म्हातारे सांगतात, फार पूर्वी इथे समुद्र होता. गजेंद्रला ते तेव्हाच आठवलं आणि आठवायला नको होतं असं वाटलं.

मागून थाप ऐकू आली. पत्र्यावर मारल्यासारखी.

"फळी ढिली झाली वाटते," भागवत म्हणाला आणि त्याने पुलाच्या मधोमध गाडी थांबवली.

गजेंद्र उतरला. मोबाइलचा उजेड मागे टाकला. फळी जागची हलली नव्हती. दोरखंड जसे बांधले होते तसेच. पण ब्लँकेट ओलं होतं. चिंब. थेंब गळत होते.

"दव हाय," भागवत खिडकीतून म्हणाला.

मग गजेंद्रने ती तुटकी दोरी पाहिली. त्याने ती स्वतः गुंडाळून ब्लँकेटात खोचली होती. आता ती बाहेर होती. खाली लोंबत नव्हती. मागच्या अंधारात सरळ गेली होती. ताणलेली... जणू कोणी टोक धरून उभं होतं.

त्याने उजेड तिकडे नेला नाही.

हात लावला. दोरी सैल झाली. गार. ओली. त्याने ती ओढून घेतली आणि मुकाट पुढे येऊन बसला. भागवतने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी जोरात काढली. पुढचे तीस किलोमीटर त्याने ती कुठेच थांबवली नाही.

अकराला ते पोचले. दार उघडं होतं. उंबऱ्याशी झाकलेलं ताट होतं. भागवत थांबला नाही, फळी उतरवून देऊन गेला. महादेवराव खाटेवर बसले होते. मंजुळाबाईने फळी दाराच्या आतल्या ओसरीत आडवी ठेवायला लावली आणि पदराने पुसली.

"ओली काऊन हाय?" तिने विचारलं.

"दव पडलं, काकू."

ती समोर बसली. "आता याच्यावर हात ठेव. मले बाकी काई नको. जित्याची वाट पाहू का मेल्याचं करू, एवढं सांग."

गजेंद्रने फळीवर हात ठेवला. त्याला रडू आलं. ते खरं होतं. "काकू, म्या खोटं बोललो. तो माह्यासोबतच होता. पाण्यातच गेला तो. म्या आधी निंघून आलतो."

मग मंजुळाबाईने हळूच विचारलं, "त्यानं तुले बोलावलं नाई?"

गजेंद्रचा हात अजून फळीवरच होता. एवढं सांगितलं, आणखी एक सांगायचं होतं. पण समोर त्या माउलीचा चेहरा, आणि जीभ आपोआप वळली. "नाई काकू. मले काई दिसलं नाई."

महादेवरावांनी तोंडावर उपरणं घेतलं. मंजुळाबाई उठली. तिने उंबऱ्यावरचं ताट आत नेलं. मग दाराशी आली. बाहेर पाहिलं. तीन आठवड्यांनंतर तिने ते दार लावलं आणि कडी घातली. कडीचा आवाज फार मोठा वाटला, असं गजेंद्र सांगायचा.

त्याला ओसरीतच वाकळ टाकून दिली. बाजूला फळी. झोप लागणं शक्यच नव्हतं. मोबाइलवर दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

दारावर थाप पडली.

ओल्या हाताची. एक.

मग काही नाही. गजेंद्र श्वास धरून पडला. वाटलं, भास असेल.

पुन्हा थाप. तशीच. एकच.

तो मनात आकडे मोजायला लागला. थांबवता येईना. एक... दोन... तीन... तेरावर पुन्हा थाप. त्या खडकावर लाटा याच अंतराने यायच्या. त्याने शेकडो वेळा मोजल्या होत्या, फळीवर बसून, प्रज्वलच्या शेजारी.

उठून कडी काढायला चार पावलं लागली असती. चारच.

तो हलला नाही. वाकळ डोक्यावर घेतली.

थाप.

आतल्या खोलीतून मंजुळाबाईचा आवाज आला. "गजेंद्र... दार वाजलं का रे?"

बाहेर सगळं थांबलं. कोणीतरी उत्तर ऐकायला थांबावं तसं. गजेंद्रला ते कळलं. पुलावर कळलं होतं, पाऊलवाटेवर कळलं होतं, तसंच आताही कळलं.

"नाई काकू," तो म्हणाला. "वारा हाय."

त्यानंतर थाप पडली नाही. सकाळपर्यंत नाही. तो पहाटेपर्यंत मोजत राहिला...

उजाडल्यावर मंजुळाबाई सडा टाकायला उठली. तिने कडी काढली, बाहेर गेली आणि परत आत आलीच नाही. गजेंद्र बाहेर आला तेव्हा ती दारासमोर उभी होती. लाकडी दाराच्या बाहेरच्या बाजूला, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, पांढरा पंजा उठला होता. पाच बोटं आणि तळवा. महादेवरावांनी बोट लावून जिभेवर ठेवलं आणि थुंकलं. मीठ होतं. त्या गावाचं पाणी गोड आहे बरं का, खारपाणपट्टा तिथून पार मागे राहतो.

"वारा म्हणत होता तू," मंजुळाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने आपला हात त्या पंजावर ठेवून पाहिला. आधी उजवा ठेवला. जुळेना. मग डावा ठेवला. तो बरोबर बसला.

"माह्यं पोरगं सगळं उजव्या हातानं करे," ती म्हणाली. "दारही उजव्यानंच वाजवे. मंग हा डावा काऊन?"

जगात फक्त एका माणसाला हे ठाऊक होतं. गजेंद्र तिथेच, उंबऱ्यावर खाली बसला. मग त्याने सगळं सांगितलं. वर आलेला हात, तो खाली न जाणं, दोनदा वळून पाहणं, मॅच, सगळं. तिने शिवी दिली नाही. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाली, "आलता तो. म्या कडी घातली होती."

पुढे पुतळा केला, क्रिया झाली. गजेंद्रनेच खांदा दिला. तो आता अमडापुरातच असतो, घराबाहेर फारसा पडत नाही.

निवृत्तीने जाळात काडी सारली. मग हळूच विचारलं, "काका, तो पंजा राह्यला का पुसला?"

"रंग दिला, बे. दोनदा. ऑइलपेंट. मागच्या दिवाळीत म्या सोता पाह्यला," किसनराव म्हणाले. "मंजुळाबाई रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसते. दुपारी लाकूड वाळलं की परत दिसते. आन रात्री ते दार आता लावत नाईत."